घरी ऑक्सिजन लावताना: फ्लो वाढवण्याआधी नळी तपासा

डॉक्टरांनी फ्लो (ऑक्सिजनचा प्रवाह) मिनिटाला २ लिटर लिहून दिला असेल तर २ लिटरच. सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट, श्वास अडवणारा आजार) बहुतेक रुग्णांचं सॅच्युरेशन, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर दिसणारं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्के राहिलं की पुरतं. ९८ दिसावं म्हणून फ्लो वाढवला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो: सकाळी डोकं जड, दिवसभर गुंगी, बोलण्यात गोंधळ. असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) भिंत आणि पडद्यापासून फूटभर लांब ठेवा, प्लग थेट सॉकेटमध्ये लावा. फ्लोमीटर (फ्लो दाखवणारी उभी नळी) डोळ्यांच्या रेषेत आणून वाचा. आतल्या गोळीचा मध्य आकड्याच्या रेघेवर हवा. वरून वाकून पाहिलं की हमखास चुकतं.

फ्लोचा आकडा बरोबर आणि सॅच्युरेशन मात्र घसरतंय? आधी बोटं गार आहेत का, नेलपॉलिश आहे का ते पाहा, त्यानं ऑक्सिमीटर चुकतो. मग कॅन्युलाची (नाकात लावायच्या नळीची) टोकं पेलाभर पाण्यात बुडवा. बुडबुडे आले नाहीत तर गळती शोधा, आणि ती बहुतेक वेळा ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) पाण्याच्या बाटलीच्या झाकणाशी सापडते. आटे तिरके बसले की ऑक्सिजन तिथूनच निसटतो. बाटलीत बुडबुडे येतच राहतात, म्हणून फसायला होतं. झाकण काढून सरळ बसवा. बाटलीतले बुडबुडेही थांबले असतील तर नळी दुमडली आहे किंवा खुर्चीच्या पायाखाली आली आहे. नळी ठीक असूनही सॅच्युरेशन खालीच राहिलं, किंवा धाप वाढली, ओठ निळसर झाले, तर वाट पाहू नका, तातडीची मदत बोलवा.

बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच, खुणेच्या वर नाही. जास्त झालं की पाणी नळीत शिरतं. रोज ओतून टाका, धुवा, नवं भरा. फ्लो ४ लिटरपेक्षा कमी असेल तर बाटलीची गरज बहुधा नसतेच, डॉक्टरांना विचारा. बाटली नसली की गळतीची एक जागा कमी होते. मशीनची जाळी आठवड्याला धुवून पूर्ण वाळवूनच बसवा.

दीर्घकालीन उपचारात दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन लागतो, झोपेचे तास धरून. धाप लागली की तेवढ्यापुरता लावणं म्हणजे हा उपचार नव्हे.

घरात विडी-सिगारेट कोणीच ओढायची नाही. कपड्यांत, केसांत ऑक्सिजन मुरलेला असतो, ठिणगी पुरते. शेगडीपासून ३ मीटर दूर. नाक कोरडं पडलं तर पेट्रोलियम जेली नको, पाण्यात विरघळणारं जेल लावा.

वीज गेली की मशीन बंद, म्हणून भरलेला सिलिंडर हवाच. १५०० लिटरचा सिलिंडर २ लिटरवर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास चालतो, दहाच धरा.