निळा उजेड पडला, पण मोजला कसा? ल्युमिनॉलच्या प्रकल्पात या चुका टाळा

ल्युमिनॉल म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया झाली की निळा उजेड देणारं रसायन. अंधाऱ्या खोलीत दोन द्रावणं एकत्र ओतली, निळा उजेड पडला की मुलं खूश होतात. मग परीक्षक विचारतात, "किती उजेड पडला?" आणि सगळे एकमेकांकडे बघतात. माझ्या मते या प्रकल्पात उजेड पाडणं सोपं आहे, खरी कसोटी मोजमापाची आहे.

उजेडच पडत नाही

आधी ल्युमिनॉल विरघळलंय का ते बघा. साध्या पाण्यात ते जेमतेम विरघळतं, त्याला आम्लारिधर्मी द्रावण लागतं. ते ठीक असेल तर संशय हायड्रोजन पेरॉक्साइडवर घ्या. उघडून ठेवलेली किंवा उन्हात राहिलेली बाटली हळूहळू नुसतं पाणी होत जाते. कच्च्या बटाट्याची चकती थोड्या पेरॉक्साइडमध्ये टाका. भराभर बुडबुडे आले नाहीत तर नवी बाटली आणा. 3 टक्क्यांचं द्रावण पुरतं, जास्त तीव्र द्रावणाच्या मागे लागू नका.

उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून वापरतात ते मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, थेट कॉस्टिक सोड्यात टाकलं तर निळसर गाळ खाली बसतो आणि उत्प्रेरक वाया जातो. म्हणून बऱ्याच कृतींमध्ये अमोनियम कार्बोनेट असतं, ते तांब्याला द्रावणात धरून ठेवतं. मात्र अशा मिश्रणात ब्लीच कधीही घालू नका, विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो. ब्लीच आणि आम्लही एकत्र येऊ देऊ नका.

"जास्त उत्प्रेरक, जास्त उजेड" हा हिशेबही फसवा आहे. उत्प्रेरक वाढवला की एकदम लखलखाट होतो आणि लगेच विझतो. उत्प्रेरक म्हणून पोटॅशियम फेरिसायनाइड वापरत असाल तर आणखी एक गंमत आहे: त्याचा पिवळा रंग 420 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश शोषतो आणि ल्युमिनॉलचा उजेड पाण्यात नेमका 425 च्या आसपास असतो. म्हणजे आपणच दिवा लावायचा आणि आपणच त्यावर पडदा टाकायचा!

मोबाइलवर आंधळा विश्वास

सर्वाधिक प्रकल्प इथे फसतात. उजेड कमी झाला की कॅमेरा आपोआप आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि एक्स्पोजर (प्रकाश घेण्याचा वेळ) वाढवतो, त्यामुळे विझत चाललेलं द्रावणही फोटोत तेवढंच झगझगीत दिसतं. तुम्ही मोजता ती कॅमेऱ्याची हुशारी. मॅन्युअल मोडमध्ये आयएसओ, शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स कायम ठेवा, शक्य असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) काढा. साध्या जेपेगमधला पिक्सेलचा आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. आकडा 255 ला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकला असेल तर ते निरीक्षण बाद समजा.

लक्स मोजणारं ॲप घेतलंत तर मंद उजेडात ते बहुधा शून्यच दाखवतं. शिवाय लक्स हे एकक माणसाच्या डोळ्याला धरून बेतलेलं आहे. डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वात संवेदनशील असतो, निळ्याला फार कमी. त्यामुळे हिरव्या आणि निळ्या ग्लो स्टिकची (वाकवली की आतल्या रसायनांनी उजळणारी प्लास्टिकची काडी) तुलना लक्समध्ये करून "हिरवीत अभिक्रिया जोरात होते" असा निष्कर्ष काढू नका.

एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक) स्वस्त असतो, पण त्याचा रोध प्रकाशाशी सरळ प्रमाणात बदलत नाही आणि अंधारात स्थिरावायला त्याला वेळ लागतो. प्रकाशानुसार विद्युतप्रवाह देणारा फोटोडायोड बरा. काळ्या कागदाने मढवलेल्या डब्यात सर्किट ठेवलंत तर आर्डुइनोचा (वाचनं नोंदवणाऱ्या छोट्या संगणकी बोर्डचा) चिमुकला दिवा झाकायला विसरू नका. उत्प्रेरक न घालता घेतलेलं वाचन आधी नोंदवा आणि प्रत्येक आकड्यातून वजा करा.

ग्लो स्टिक आणि तापमान

गरम पाण्यात काडी जास्त उजळते, हे खरं. पण ती लवकर विझतेही. नुसता पहिल्या मिनिटाचा आकडा घेतला तर अर्धीच गोष्ट हाती लागते. विझेपर्यंत ठरावीक अंतराने वाचन घ्या आणि आलेखाखालचं क्षेत्रफळही, म्हणजे एकूण उजेड, काढा. काडी पाण्यात टाकल्याटाकल्या मोजू नका, आतलं द्रव त्या तापमानाला यायला वेळ द्या. कडकडीत गरम पाणी नको. काडी कापू तर अजिबात नका, आत काचेची नळी असते.

प्रत्येक मोजणी तीनदा करा, दर वेळी ओतण्याचा वेग सारखा ठेवा. सिरिंज वापरली तर हे सोपं जातं. सुरक्षा चष्मा आणि हातमोजे हवेतच. आणि उरलेलं मिश्रण झाकण घट्ट लावून ठेवू नका: पेरॉक्साइडमधून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगते.