कव्हर वाजवता वाजवता स्वतःची गाणी कशी आणायची: पुण्यातल्या ब्लूज-रॉक बँडवाल्यांसाठी

सहा वर्षं आम्ही मुंढवा, बाणेर, कोरेगाव पार्क असं फिरून ब्लूज-रॉकची कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, वाजवली, मी बेसवर, आणि गेल्या दीड-दोन वर्षांत तीन तासांच्या गिगमधली अकरा गाणी आमची स्वतःची झालीत. हे कसं केलंत असं बरेच जण विचारतात, विशेषतः आठवडाभर नोकरी करून शुक्रवार-शनिवार वाजवणारी पोरं, म्हणून आम्हाला जसं जमलं तसं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी, कव्हर एकदम बंद करू नका. बारवाला तुम्हाला बोलावतो कारण तुम्ही वाजवता तेव्हा लोक बसून राहतात, आणि ते बसतात ओळखीच्या गाण्यांवर, यात कमीपणा काही नाही. रोलिंग स्टोन्ससुद्धा लंडनच्या क्लबांत शिकागो ब्लूज वाजवतच उभे राहिले, १९६४ च्या पहिल्या अल्बममध्ये बहुतेक गाणी दुसऱ्यांचीच होती, मॅनेजर अँड्र्यू ओल्डहॅम मागे लागला की स्वतः लिहा, तरी सगळीच्या सगळी गाणी जॅगर-रिचर्ड्सची असा पहिला अल्बम यायला १९६६ उजाडलं. त्यामुळे महिन्याला एक गाणं बसलं तरी खूप झालं. आम्ही ठरवलं होतं की एक आपलं गाणं पक्कं बसलं की एक कव्हर सेटमधून काढायचं, आणि ते वाजवून सगळ्यात कंटाळलोय तेच काढायचं.

पहिलं गाणं लिहायला वही घेऊन बसू नका, निदान आमच्याकडून तसं काहीच झालं नाही, दोन रविवार कर्वेनगरच्या फ्लॅटवर चहा पिऊन उठलो. खरं गाणं साउंडचेकमध्ये असतं. ॲम्पचा आवाज लावताना गिटारवाला जे उगाच वाजवत बसतो ना, ते त्याच्या हातात मुरलेलं असतं, त्याला ते गाणं वाटतच नाही इतकं ते सहज येतं. तेव्हा फोनचं रेकॉर्डर चालू ठेवायचं. आमच्याकडे अशा चार महिन्यांच्या फाइल साठल्या, एका रविवारी सगळ्या ऐकल्या तर एक रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी छोटी धून, सात वेगवेगळ्या दिवशी वाजवलेला सापडला, आमचं पहिलं गाणं त्याच रिफवर उभं आहे.

आता शब्द. बारा बारचा ढाचा (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा तालाचा तुकडा) तुमच्या हातात आहेच, ई मध्ये वाजवत असाल तर चार बार ई, दोन बार ए, दोन ई, मग एक बी, एक ए आणि शेवटचे दोन परत ई वर टर्नअराउंड, म्हणजे पुन्हा सुरुवातीला नेणारा तुकडा, घेऊन. त्यावर शब्दांची जुनी रीत अशी की पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, त्यातल्या साधारण दोन बारमध्ये गाऊन संपवायचं आणि उरलेले दोन गिटारला बोलायला सोडायचे. आमचं हे बघा:

म्हात्रे पुलावर थांबलोय, रिक्षा एक थांबत नाही
हो, म्हात्रे पुलावर थांबलोय, रिक्षा एक थांबत नाही
घरी तू दार उघडशील का, तेही कुणी सांगत नाही

दुसऱ्यांदा म्हणताना कॉर्ड बदलून ए वर जाते, त्यामुळे तीच ओळ जास्त काकुळतीला आल्यासारखी ऐकू येते, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकणाऱ्याला वाटत राहतं की पुढे काय. हे सगळं काम ढाचाच करतो, तुम्ही फक्त एक खरी गोष्ट साध्या शब्दांत सांगायची. आधी आम्ही इंग्रजीत लिहायचो, त्यात हायवे यायचा, ट्रेन यायची, व्हिस्की यायची, आणि आमच्यापैकी कुणीच कधी मालगाडीत लपून प्रवास केलेला नाही. रात्री दीडला म्हात्रे पुलावर गिटारची बॅग पाठीला लावून उभं राहणं मात्र चौघांनीही केलंय. इंग्रजीत लिहूच नका असं म्हणत नाही, शिलाँगचा सोलमेट हा बँड २००३ पासून इंग्रजीत स्वतःचे ब्लूज करतोय आणि मेम्फिसच्या इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंज या स्पर्धेपर्यंत जाऊन आलाय, पण त्यांचं इंग्रजी त्यांच्या तोंडातलं आहे, आमचं गाण्यांतून उचललेलं होतं.

मराठी गाताना एक गोष्ट सांभाळा. वरच्या सुराला जिथे आवाज ताणायचा असतो तिथे आ-कारान्त शब्द आणा, गेला, थांबला, पाहिला, कारण ‘ई’ वर तोंड आवळतं आणि उंच सूर चिरका लागतो. आमच्या ओळींचा शेवट ‘नाही’ आहे म्हणून चाल बांधताना शेवट मुद्दाम खाली उतरवलाय. आणि बीट भरायला शब्द कमी पडले तर विशेषणं कोंबू नका, ब्लूजवाले जसं ‘बेबी’ आणि ‘लॉर्ड’ टाकतात तसं आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांत ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ येतं, जात्याच्या फेऱ्यात ओळ बसावी म्हणून. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी पुण्यात राहून मुळशी, मावळ आणि पुढे कितीतरी गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर त्यातल्या बऱ्याच आवाजासकट ऐकता येतात, खरंच ऐका. कष्ट करताना बायांनी गायलेलं गाणं आहे ते, ब्लूजच्या मुळाशीही शेतात राबणाऱ्यांची गाणीच आहेत, आणि शब्द तालात कसा वाकवायचा हे मला तिथे जितकं कळलं तितकं कुठल्या व्हिडिओत कळलं नाही.

सुरांचंही तसंच. आपण जी मायनर पेंटाटॉनिक ही पाच स्वरांची स्केल घासतो तिचे स्वर म्हणजे धानी राग, आणि ब्लूजमध्ये मेजर आणि मायनर थर्डच्या, म्हणजे शुद्ध आणि कोमल गंधाराच्या, मध्ये जी ओढाताण असते तिचा अंदाज घ्यायचा असेल तर राग जोग ऐका, त्यात दोन्ही गंधार लागतात, चढताना शुद्ध आणि उतरताना शेवटी कोमल. आमची गायिका लहानपणी क्लासला शिकलेली, तिला हे दाखवल्यावर तिने चाल एका बैठकीत लावली. फ्यूजन करा असं सांगत नाहीये, गळ्यात आधीच असलेलं वापरा एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे गाणं बारमध्ये तपासणं. जॅमरूममध्ये प्रत्येक गाणं भारी वाटतं कारण तिथे ऐकणारे आपणच. नवीन गाणं पहिल्या सेटमध्ये नको, लोक अजून येतायत, ऑर्डर देतायत, आणि अगदी शेवटीही नको. रूफटॉपवर वाजवत असाल तर आणखी एक, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद होतात, त्यामुळे शेवटासाठी राखून ठेवलेलं गाणं वाजतच नाही, आमचं दोनदा राहिलंय. दुसऱ्या सेटमध्ये दोन हमखास चालणाऱ्या कव्हरच्या मध्ये ठेवा, आधीचं गाणं संपल्यावर ड्रम थांबवूच नका, सरळ त्याच तालात शिरा. ‘आता आमचं स्वतःचं एक गाणं’ असं आधी सांगू नका, ते ऐकलं की लोक सौजन्याने ऐकतात नाहीतर फोन काढतात, दोन्हीत तुम्हाला खरं काही कळत नाही. वाजवून झाल्यावर सांगा.

आणि एक फोन स्टेजपासून लांब, बार काउंटरच्या शेवटी, रेकॉर्डिंग लावून ठेवा, काउंटरवाल्याला सांगून. दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग ऐकताना बँडकडे लक्षच द्यायचं नाही, फक्त लोकांच्या बोलण्याचा आवाज ऐकायचा, तो कुठे चढतो आणि कुठे बसतो. आमचं म्हात्रे पूलचं गाणं तेव्हा सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं, दोन सोलो. पहिली दोन कडवी होईपर्यंत बोलणं कमी होत गेलेलं स्पष्ट ऐकू येत होतं, ‘दार उघडशील का’ ला तर जवळजवळ शांतता, पहिला सोलोही ठीक, आणि दुसरा सोलो सुरू झाल्यावर वीस सेकंदांत खुर्ची सरकल्याचा आवाज, मग एकाने मसाला पापड मागवला, मग सगळा हॉल बोलायला लागला आणि शेवटचं कडवं त्यात बुडालं. गिटारवाल्याला काहीच सांगावं लागलं नाही, त्याने स्वतः ऐकलं आणि म्हणाला दुसरा सोलो काढू. आता ते गाणं तीन मिनिटं पन्नास सेकंदांचं आहे. एका गाण्याला किमान चार-पाच गिग असे द्या, वेगवेगळ्या जागी, कारण विमाननगरची गर्दी आणि एफसी रोडची गर्दी सारखी नसते, आणि पाचही ठिकाणी एकाच जागी आवाज चढत असेल तर दोष गाण्यात आहे.

रेकॉर्डिंगला जायच्या आधी बसून कागद करा, मैत्री कितीही जुनी असो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगळे हक्क आहेत, रजिस्टर केलं नाही तरी लिहिल्या क्षणी हक्क तयार होतो, शब्द आणि चालीचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत. रिफ गिटारवाल्याचा, शब्द गायिकेचे, मग ड्रमरचं काय, हा प्रश्न येतोच, आणि गाणं चाललं की कडू होऊन येतो. स्टोन्स सगळ्यांनी मिळून केलेल्या गाण्यांना नँकर फेल्ज असं एक बनवलेलं नाव लावायचे. आम्ही ठरवलं की नाव ज्याचं त्याचं, पैसे चौघांत सारखे, एका पानावर लिहून सह्या केल्या. शब्द आणि चालीच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) सभासद व्हा.

उचलेगिरीचंही बघून घ्या. बारा बारचा ढाचा कुणाच्या मालकीचा नाही, पण शब्द आणि चाल असते. लेड झेपेलिन या रॉक बँडवर ब्लूज गीतकार विली डिक्सनने उचलेगिरीबद्दल १९८५ मध्ये दावा लावला आणि शेवटी कोर्टाबाहेर तडजोड करावी लागली. वर्षानुवर्षं कव्हर वाजवणाऱ्याच्या हातून दुसऱ्याची ओळ न कळत येते, म्हणून नवीन गाणं बँडबाहेरच्या दोन जुन्या ऐकणाऱ्यांना ऐकवा आणि विचारा हे कशासारखं वाटतं.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात, चौघांनी एका खोलीत एकत्र वाजवा, फक्त गायिकेचा आवाज नंतर वेगळा घ्या. शफलला, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या तालाला, क्लिक (हेडफोनमधला मेट्रोनोम) लावायचा असेल तर दर बीटवर लावू नका, दोन आणि चारवर ठेवा म्हणजे झोका टिकतो, आणि वेग बारमध्ये वाजवता तोच ठेवा, स्टुडिओत घाबरून सगळे जोरात पळतात.

अपलोड करायच्या आधी गाण्याचं नाव नीट ठरवा. आम्ही मोठ्या विचाराने ‘उशीर’ असं ठेवलं होतं. मग बाणेरला एका शनिवारी वेटर टिश्यूवर फर्माईश घेऊन आला, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, ‘ते म्हात्रे पूल वालं परत’. आम्ही ते परत वाजवलं, टिश्यू ड्रमरच्या स्टिकबॅगमध्ये ठेवला आणि सोमवारी गाण्याचं नाव बदलून ‘म्हात्रे पूल’ केलं.