परसातल्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या? या चुका टाळा

अंडी एकाएकी कमी झाली की पहिल्यांदा औषध आठवतं. ते जरा बाजूला ठेवा. चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या घरातल्या बहुतेक अडचणींचं मूळ पाणी, खाद्य, उजेड आणि खुराडं यांतच असतं. तपासणी याच क्रमाने करा. विष्ठा आणि अंडी हाताळतानाच्या दोन चुका शेवटी दिल्या आहेत. मात्र कोंबडी मान टाकून बसली असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा एकापाठोपाठ एक आजारी पडत असतील, तर वाट न पाहता पशुवैद्याला दाखवा.

पाण्याकडे दुर्लक्ष

कवच सोडलं तर अंड्याचा पाऊण भाग पाणीच असतो. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट. दुपारी भांडं उलटलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पुढचे काही दिवस अंडी घटू शकतात. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवा. खाली ठेवलेल्या भांड्यात माती आणि विष्ठा उकरून पडते. भांडं सावलीत हवं आणि रोज घासलेलं हवं.

दाणे टाकले म्हणजे पोट भरलं, ही समजूत

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि धान्यात ते जवळजवळ नसतंच. बाहेरून मिळालं नाही की कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. आधी कवच पातळ होतं, मग अंडी थांबतात, कधी पायच लटपटतात. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं. त्यात 16 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम हवं. तयार लेअर खाद्यात (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात) हे प्रमाण बसवलेलं असतं, पण त्यात निम्मी ज्वारी किंवा मका मिसळला की सगळं गणित मोडतं. धान्य आणि घरातलं उरलंसुरलं मिळून एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. सहा कोंबड्यांना संध्याकाळी जेमतेम दोन मुठी पुरे. खारट पदार्थ, हिरवट बटाटे, कच्चा राजमा आणि बुरशी आलेलं काहीही देऊ नका. बुरशीचं विष खाद्य वाळवल्याने जात नाही.

शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज आहे ती बरोबर खाते. अंड्याची टरफलंही चालतात, पण भाजून, बारीक चुरून. अख्खी टाकलीत तर कोंबड्यांना अंडी फोडायची सवय लागू शकते.

आता उलटी चूक: पिल्लांना लेअर खाद्य घालणं. अंडी न घालणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना इतकं कॅल्शियम झेपत नाही. हे खाद्य साधारण 18 आठवड्यांनंतर किंवा पहिलं अंडं दिसल्यावरच सुरू करा. कळपात लहानमोठ्या एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअर खाद्य, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, द्या आणि शिंपल्यांची वाटी वेगळी ठेवा.

खाद्य चोख आहे आणि तरी ऐन उन्हाळ्यात कवच पातळ येतंय? धापा टाकताना कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनायला लागणारा घटक अपुरा पडतो. शिवाय उकाड्यात ती कमी खाते. खाद्य पहाटे द्या, दुपारी दाट सावली आणि गार पाणी द्या.

पिसं गळणं म्हणजे आजार नव्हे

वर्षातून एकदा, बहुधा दिवस लहान व्हायला लागले की, कोंबडी जुनी पिसं टाकते. दोन-तीन महिने अंडी नसतात. पिसं बहुतांश प्रथिनांचीच असल्याने या काळात प्रथिनं वाढवा, औषधं नकोत. अंड्यांसाठी 14 ते 16 तासांचा उजेड लागतो. दिवा लावायचाच असेल तर पहाटे लावा. रात्री दिवा अचानक विझला तर कोंबड्यांना अंधारात बसायची दांडी सापडत नाही.

थंडीच्या भीतीने खुराडं बंद करणं

कोंबडी थंडी सोसते, ओल आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू सोसत नाही. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन पाहा. झोंबलं तर खाली अंथरलेला तूस बदला आणि छताखाली, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, हवेसाठी फट ठेवा. बसायची दांडी अंड्यांच्या पेटीपेक्षा उंच हवी, नाहीतर रात्री पेटीतच झोपतील आणि अंडी घाणीत पडतील. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी, दांडीवर प्रत्येकीला 20 ते 25 सेंटिमीटर जागा.

षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. 12 मिलिमीटर छिद्रांची वेल्डेड जाळी घ्या आणि ती बाहेरच्या बाजूला जमिनीलगत 30 सेंटिमीटर पसरून मातीने झाका.

तुरा फिकट, रात्री बेचैनी आणि अंडी कमी, असं एकत्र दिसलं तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा. दांडीच्या खालच्या फटींवरून पांढरं फडकं फिरवा. रक्ताचे डाग उमटले तर रक्त पिणारे माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, आहेत. दिवसा ते कोंबडीच्या अंगावर नसून फटींत असतात, म्हणून नुसती कोंबडी धुऊन काही होत नाही. दांड्या काढून फटी साफ करा. माइटची अंडी पुढे फुटतात, तेव्हा आठवड्याने पुन्हा तेच करा.

ताजी विष्ठा भाजीला घालणं

तीव्र नत्राने मुळं जळतात आणि पालेभाजीवर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. एक भाग विष्ठेला दोन-तीन भाग सुका पालापाचोळा मिसळून चांगलं कुजवा. न कुजलेलं घातलंच असेल, तर मातीला टेकणारी भाजी चार महिने तरी काढू नका.

अंडी धुऊन ठेवणं

कवचावरचा नैसर्गिक थर जंतूंना अडवतो. धुतल्यावर तो जातो. किरकोळ घाण कोरड्या कापडाने पुसा. धुवावंच लागलं तर अंड्यापेक्षा कोमट पाण्याने धुवा, कारण गार पाण्यात अंडं आतून आकसतं आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. धुतलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवा आणि आधी तेच वापरा.