गाताना वाटणारी भीती कशी घालवावी

शाळेत समूहगीताच्या तालमीत मला सांगण्यात आलं होतं, "तू नुसते ओठ हलव." त्यानंतर कित्येक वर्षं मी चारचौघांत गायले नाही. मोठेपणी शिकायला लागल्यावर उलगडलं की माझा सूर बिघडायचा तो बहुतेक वेळा भीतीनेच. कुणी ऐकेल या धास्तीने आपण आवाज चोरतो. आवाज चोरला की श्वासाचा जोर कमी पडतो आणि सूर उतरतो. उतरलेला सूर कानावर पडला की आणखी घाबरायला होतं. म्हणून सुरुवात श्वासापासून करा.

१. श्वास
भीती वाटली की श्वास वरच्या वर अडकतो, खांदे चढतात, घसा आवळतो. उभं राहून पोटावर हात ठेवा. श्वास घेताना हात पुढे यायला हवा, खांदे जागच्या जागी. मग दातांतून बारीक 'स्स्स' करत श्वास एकसारखा सोडा. पहिल्या दिवशी १० सेकंदांत दम संपला तरी चालेल. रोज पाच वेळा करा, दम हळूहळू वाढतो.

२. आपली पट्टी
पट्टी म्हणजे गाण्याचा सा, म्हणजे मूळ सूर, आपण ज्या उंचीवर धरतो ती उंची. नवशिके सगळ्यात जास्त इथे फसतात. आवडत्या गायकाच्या पट्टीत गायला जातात, वरची ओळ आली की आवाज चिरकतो आणि 'आपल्याला गळाच नाही' असं ठरवून मोकळे होतात. तुमचा सा असा हवा, की खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) आणि वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) घसा न ताणता जाता यावं. गाणं त्या पट्टीत आणा. यात कमीपणा काहीच नाही.

३. एकच सूर
मोबाइलवर तानपुरा लावा आणि ओठ मिटून 'म्' वर सा धरा. नीट कान द्या. तुमचा सूर तानपुऱ्याच्या अगदी जवळ असून जुळलेला नसेल, तर दोघांच्या मध्ये एक थरथर ऐकू येते. एक आवाज सेकंदाला २२० कंपनांचा आणि दुसरा २२३चा असेल, तर सेकंदाला तीन हेलकावे येतात. सूर किंचित वर-खाली सरकवत राहा. थरथर मंदावत जाते आणि एका क्षणी विरून जाते. तो क्षण एकदा अनुभवला की 'मी सुरात आहे का?' हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. मला खरा धीर आला तो इथे. रोज १० मिनिटं एवढंच केलंत तरी पुष्कळ झालं.

४. रेकॉर्डिंग
स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज पहिल्यांदा परका आणि पातळ वाटतो. आपण बोलतो-गातो तेव्हा आवाज हवेतून येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोचतो आणि म्हणून आपल्याला तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला भाग नसतो. तेव्हा आवाजाच्या पोतावर रुसू नका. दर वेळी एकच गोष्ट तपासा: आज फक्त सूर, उद्या फक्त शब्द.

५. ऐकणारे
एकदम गर्दीसमोर जाऊ नका. आधी एक माणूस, मग तीन-चार. शब्द समोर ठेवायलाही लाजू नका. प्रसिद्ध अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कार्यक्रमात शब्द विसरल्या आणि त्या धसक्याने पुढे बरीच वर्षं जाहीर मैफली टाळत राहिल्या. १९९४मध्ये त्या पुन्हा दौऱ्यावर निघाल्या, तेव्हा शब्द दाखवणारे पडदे समोर होते.

गायच्या आधी श्वास पूर्ण सोडा, मग घ्या. चुकलात तर थांबून माफी मागू नका, पुढची ओळ उचला.

मी पहिल्यांदा बहिणीसमोर गायले तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. मीच तसं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी अंतरा संपता संपता मी तिला म्हटलं, "आता वळ."