पुढनं बसलेली पिकअप उचलताय? या चुका टाळा

गुळाचे रवे, दुधाचे कॅन, फौंड्रीतलं कास्टिंग, भर सीझनला उसाचं वाडं... कोल्हापूरच्या पिकअपनं काय वाहिलेलं नसतं! दहा-पंधरा वर्षांत गाडी पुढनं बसते आणि मालक गॅरेजात जाऊन सांगतो, "दोन इंच उचला." पुढं सस्पेन्शन कुठलं आहे, हे बघायच्या आधीच इंच ठरलेले असतात.

मीही हेच केलं. जुनी पिकअप घेतली, मागं पाटे (लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली स्प्रिंग) दिसले, म्हणजे पुढंही पाटेच असं धरलं आणि जादा पाटा टाकायला शिरोलीकडच्या एका मिस्त्रींकडं गेलो. ते गाडीखाली सरकले आणि तिथनंच ओरडले, "भावा, पाटा कुठाय? हितं बार हाय!"

तर आधी चाकामागं टॉर्च मारा. गाडीच्या नावावर जाऊ नका. दोन्ही चाकांना जोडणारा आडवा एक्सल आणि त्यावर यू बोल्टनं आवळलेले पाटे दिसले, तर प्रश्न मिटला. चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या वरच्या-खालच्या दांड्यांजवळ (यांनाच आर्म म्हणतात) गोल स्प्रिंग दिसली, तर कॉइल. आणि स्प्रिंगच दिसत नसेल, तर आर्मपासून चेसिसच्या कडेनं मागं गेलेला लांब गज शोधा. तो टॉर्शन बार. त्याच्या मागच्या टोकाला एक लिव्हर आणि ॲडजस्टिंगचा बोल्ट असतो.

दुसरी चूक मोठी आहे. गाडी ज्या कोपऱ्यात खाली दिसते, तिथंच दोष आहे असं समजणं. सपाट जागेवर रिकामी गाडी लावा, टायरची हवा सारखी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी टेप लावा. माझी पुढं डावीकडं जवळजवळ इंचभर खाली भरली. मिस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावले (मागचं उचललं की हँडब्रेकचा उपयोग नसतो) आणि मागच्या एक्सलच्या बरोबर मधोमध जॅक लावून मागची चाकं जेमतेम सुटतील एवढंच उचललं. गाडी पुढनं सरळ झाली! म्हणजे पुढं काही बिघडलंच नव्हतं. मागं डावीकडचा एक पाटा तुटला होता, गाडी त्या बाजूला बसत होती आणि पुढचा डावा कोपरा निष्कारण बदनाम होत होता. असं करून बघताना गाडीखाली मात्र जाऊ नका. खाली जायचं तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही.

टॉर्शन बारचा बोल्ट फिरवला की गाडी वर येते, म्हणून लोकांना ते फुकटचं काम वाटतं. बार त्यानं कडक होत नाही, फक्त आर्म खाली ढकलला जातो. मग चाकाला खड्ड्यात खाली जायला जागा उरत नाही, गाडी ठोकर देते आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारे गोळ्याचे सांधे) तिरके चालून लवकर जातात. चाक वरच्या बाजूनं बाहेर झुकतं आणि टायर बाहेरच्या कडेनं खातो. फिरवायचाच असेल, तर चेसिस स्टँडवर घेऊन चाकं लोंबू द्या, बोल्टची आधीची जागा खुणेनं धरा, फेरे मोजा. नंतर गाडी थोडी फिरवून आणा, तेव्हाच पुन्हा माप घ्या. बार उतरवलाच, तर डावा-उजवा अदलाबदल करू नका. त्यांचा पीळ उलटा असतो.

पाट्याच्या गाडीला लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) लावायची टूम आहे. शॅकल दोन इंच वाढवली, तर गाडी साधारण एकच इंच उचलते. शिवाय शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर एक्सल पुढं कलतो, कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागं झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. गगनबावड्याच्या घाटात हे कळलं, तर फार उशिरा कळलं म्हणायचं. उंची वाढवायला पुढच्या एक्सल आणि पाट्याच्या मधे ठोकळे तर घालूच नका, ब्रेकच्या जोरानं ते सरकू शकतात. जुने यू बोल्ट ताणलेले असतात, नवेच घ्या आणि थोडं चालवल्यावर पुन्हा आवळा. रबरी बुशचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. लटकत्या स्थितीत आवळले की बुश कायम पिळलेला राहतो आणि महिन्याभरात कुरकुरायला लागतो.

कॉइलबद्दल एवढंच: स्प्रिंग कंप्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) स्प्रिंग काढायला जाऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली, तर माणूस जिवाला मुकतो.

काम झालं, की चाकं लोंबती ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवा आणि ब्रेकचा होस ताणतो का बघा. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन तपासून घ्या. मूळ उंची परत आणणं ही दुरुस्ती झाली. त्याच्या वर गाडी नेणं हा बदल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

हेडलाइट शेवटी, पण नक्की. पुढचं उचललेलं आणि वर मागं तीस-तीस किलोचे रवे भरलेले, म्हणजे उजेड थेट समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत. म्हणून लाइट रिकाम्या गाडीवर नव्हे, माल भरून भिंतीसमोर लावून बघा.