समुपदेशनाला पहिल्यांदा जाताना: आधी, आत आणि नंतर काय होतं

माझ्या समुपदेशक मॅडमकडे पहिल्या सेशनला जाताना मी लोकलमध्ये विजेच्या बिलाच्या पाठीवर मुद्दे लिहून काढले होते. झोप लागत नाही. ऑफिसात विनाकारण रडू येतं. आईशी सारखी भांडणं. सगळ्यात खाली, कंसात, बाबा. मॅडमनी विचारलं, "झोप साधारण कधीपासून गेली?" मी तारीख आठवायला गेले आणि ती बाबांना दवाखान्यात नेलं त्या रात्रीची निघाली. पुढची वीस मिनिटं मी रडत होते. कागद हातात चुरगळून गेला, बाकीचे मुद्दे तसेच राहिले. परतताना वाटलं, पैसे वाया गेले, आपल्याला साधं सांगताही येत नाही. ते सेशन वाया गेलं नव्हतं, हे कळायला आणखी तीन भेटी लागल्या. त्या वेळी कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं बरंच काही आहे. ते इथे लिहिते आहे.

आधी ठरवा: कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार त्यांना असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. ते चाचण्या घेतात, थेरपी देतात, औषधं देत नाहीत. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एमए केलेले असतात. पण 'काउन्सेलर' ही पाटी काही आठवड्यांचा कोर्स करूनही लावलेली दिसते, म्हणून शिक्षण विचारायला अजिबात संकोचू नका. दाताच्या डॉक्टरची पदवी आपण बघतोच ना!

नोकरीतला ताण, नात्यातली ओढाताण, जवळचं माणूस गेल्याचं दुःख, परीक्षेची भीती अशा गोष्टींसाठी समुपदेशकाकडून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र अनेक रात्री झोपच नाही, खाणं सुटलंय, इतरांना ऐकू न येणारे आवाज येतात किंवा जीव द्यावासा वाटतो, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सतत थकवा आणि उदासी असेल तर फॅमिली डॉक्टरांना सांगून थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच कोमेजतो.

खासगी सेशनची फी काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत असते. तेवढं परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून जाता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे भरती करून घेतात, ही भीती मनातून काढून टाका. ओपीडीत दाखवून लोक संध्याकाळी घरी परततात. आणि आजच, आत्ताच कुणाशी तरी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी तो सुरू केला. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

अपॉइंटमेंट घेताना

फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: फी किती, सेशन किती वेळाचं, आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे भरावे लागतात का, आणि मराठीत बोलता येईल का. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

ऑनलाइन सेशन घेणार असाल तर जागा आधी ठरवा. वन बीएचकेमध्ये पाच माणसं असताना "कुणाशी बोलतेस गं?" हा प्रश्न दाराबाहेरून येणारच. कुणी गच्चीवर जातं, कुणी पार्क केलेल्या गाडीत बसतं, कुणी मैत्रिणीच्या घरी. इयरफोन लावले तरी आपला आवाज बाहेर जातोच, म्हणून पंखा मोठा करून दाराशी रेडिओ लावणारेही आहेत.

पहिली पन्नास मिनिटं

सेशन साधारण पाऊण तास ते तासभराचं असतं, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा. पहिल्या भेटीत सुरुवातीला फॉर्म भरायचा असतो: वय, शिक्षण, घरात कोण कोण, आधीचे आजार, चालू औषधं, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा. त्यानंतर संमतिपत्र. तुम्ही अठरा वर्षांखालील असाल तर पालकांचीही संमती लागते.

संमतिपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. गोपनीयता त्यातच लिहिलेली असते. तुमचं बोलणं खोलीबाहेर जात नाही, पण त्याला अपवाद आहेत आणि चांगला समुपदेशक ते स्वतःहून सांगतो. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, न्यायालयाने माहिती मागितली, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर गप्प राहता येत नाही. शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. मरण्याचे विचार येतात हे सांगितलं तर पोलीस केस होईल, या धास्तीने लोक नेमकं तेवढंच गाळतात. विचार येणं हा गुन्हा नाही. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा धरून चालतो. समुपदेशक याबद्दल थेट विचारेल. दचकू नका, खरं सांगा. तो किंवा ती तुमच्यासोबत बसून सुरक्षिततेची आखणी करेल: घरातल्या कुठल्या वस्तू दूर ठेवायच्या, रात्री कुणाला फोन करायचा.

काही जण छापील प्रश्नावली देतात. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची आणि चिंतेसाठी सात प्रश्नांची, अशा दोन सर्रास वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं, ते शून्य ते तीनमध्ये नोंदवायचं. ही परीक्षा नव्हे, पास-नापास काही नसतं. दीड-दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरला की फरक दिसतो, एवढ्यासाठीच तो.

मग प्रश्न येतो, "आज इथे यावंसं का वाटलं?" उत्तर क्रमाने यायला हवं असं मुळीच नाही. मधूनच सुरू करा. "कुठून सांगू कळत नाही" हेही पहिलं वाक्य म्हणून चालतं. रडू आलं तर टिश्यूचा बॉक्स टेबलावर तुमच्यासाठीच ठेवलेला असतो. समोरची व्यक्ती वहीत टिपणं घेत असेल आणि ते टोचत असेल तर काय लिहिताय म्हणून विचारा. मध्येच शांतता पसरली तर ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही.

आणि पहिल्या दिवशी उपाय मिळत नाही. लग्न मोडू की टिकवू, नोकरी सोडू की नको, याचं उत्तर घेऊन बाहेर पडायच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. तो निर्णय तुमच्या वतीने कुणी घेणार नाही.

"कसं वाटतं?" याचं मराठी उत्तर

या प्रश्नावर आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "ठीक आहे." दुःख, राग, भीती हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात स्वतःबद्दल फारसे वापरतच नाही. आपण सांगतो ते शरीरातून. पोटात गोळा येतो. जीव घुसमटतो. काळजात धस्स होतं. हातपाय गळून जातात. डोकं बधिर होतं. मला पहिले दोन आठवडे वाटायचं की हे काही नीट उत्तर नव्हे, म्हणून मी वाचलेले इंग्रजी शब्द वापरायचे: स्ट्रेस, अँग्झायटी, लो. एकदा मॅडम म्हणाल्या, "ते राहू द्या. तुमच्या आईला सांगाल तसं सांगा." मी म्हणाले, "संध्याकाळी सातला लॅचची चावी फिरली की पोटात खड्डा पडतो." बाबा रोज सातला घरी यायचे. आता त्या वेळी भाऊ येतो. 'अँग्झायटी' म्हणत बसले असते तर ती चावी मला ऐकूच आली नसती.

म्हणून ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता, त्या भाषेत बोलणारा समुपदेशक शोधा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी आली तर येऊ द्या.

भेटींच्या मधले दिवस

सेशननंतर थकवा येतो, कधी चिडचिडही होते. शक्य असेल तर लगेच मीटिंग किंवा पाहुणे ठेवू नका. पहिल्या काही आठवड्यांत आधीपेक्षा वाईट वाटलं तरी घाबरू नका, पण पुढच्या भेटीत ते जरूर सांगा.

बहुधा गृहपाठ मिळतो. त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या विचारांमुळे होतो असं मानणारी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे आपल्याकडे अनेक जण त्यातला तक्ता देतात. पहिल्या रकान्यात घटना: साहेबांनी सगळ्यांसमोर माझी चूक काढली. दुसऱ्यात मनातलं वाक्य: माझ्याकडून चूक होताच कामा नये, झाली म्हणजे मी बिनकामाची. तिसऱ्यात परिणाम: दोन दिवस जेवण गेलं नाही. जेवण गेलं नाही ते चुकीमुळे की मधल्या वाक्यामुळे, त्यावर पुढच्या भेटीत बोलायचं. गृहपाठ झाला नाही म्हणून सेशन बुडवू नका. का झाला नाही, हाही बोलायचा विषय असतो.

पटत नसेल तर

या मॅडमच्या आधी मी जिथे गेले होते तिथे मला दोन भेटींत "पॉझिटिव्ह राहा" आणि "लग्न करून टाका, मन रमेल" असं सांगण्यात आलं. मी जाणं बंद केलं आणि वर्षभर कुठेच गेले नाही. चुकलं ते हेच, की दोष त्या एका जागेचा होता आणि मी समुपदेशनावरच फुली मारली. जात, धर्म, लग्न, लैंगिकता यांवरून कुणी शिकवण देत असेल, तुमचं सोडून स्वतःचंच सांगत असेल, बाहेर भेटायला बोलावत असेल, तर उठा आणि दुसरीकडे जा. तेवढं गंभीर नसेल, पण काहीतरी खटकत असेल, तर तीन-चार भेटी द्या आणि खटकलेलं तोंडावर बोला.

हे जड जातं. वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही, असंच आपण शिकलेलो असतो. पाचव्या भेटीत मी धीर करून म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की मी आईवर बाबांचा राग काढते. ते मला लागलं. चार दिवस मी तुमच्यावर चिडले होते." मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी घाई केली का?" त्या दिवशी मी पहिल्यांदा मनावर ओझं न घेता बाहेर पडले. घरी जाऊन आईलाही तसंच, आवाज न चढवता, एक गोष्ट सांगू शकले.

घरी काय सांगायचं

सगळ्यांना सांगायची सक्ती नाही. विश्वासाचं एक माणूस मात्र असू द्या. "वेड लागलंय का तुला?" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, झोपेसाठी तज्ज्ञांना दाखवते आहे एवढं पुरे. आईवडील सोबत आले तर त्यांना बाहेर बसवा. समुपदेशकाने त्यांच्याशी बोलायचं का आणि किती, ते तुम्हाला विचारून ठरतं.

थांबताना

काहींना सहा-आठ भेटी पुरतात, काहींना वर्ष लागतं. दर पाच-सहा भेटींनी "आपण कुठे पोचलो?" असं विचारा. बरं वाटायला लागलं की आपण फोन उचलणंच बंद करतो. तसं करू नका. शेवटची एक भेट मुद्दाम ठेवा. त्यात पुन्हा घसरायला लागलात तर पहिली खूण कोणती असेल, ते लिहून घ्या. माझ्या कागदावर आहे: संध्याकाळी सातच्या आत घराबाहेर पडायची कारणं शोधणं. तुमची फाइल तिथेच राहते आणि सहा महिन्यांनी पुन्हा फोन केलात तर बहुतेक वेळा सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.