63 च्या स्विचमध्ये 100 ची फ्यूज

आयटीआयची इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं संपवून मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अप्रेंटिस लागलो. तिसऱ्या आठवड्यात एका शेडचा मेन स्विच तापायला लागला, हँडलपाशी जळका वास. स्विचवर 63 अँपिअर लिहिलेलं. आमच्या सीनियर इलेक्ट्रिशियन अण्णांनी स्विचकडे येणारी लाइन बंद केली, टेस्टर लावून खात्री केली, तिन्ही फेजच्या एचआरसी फ्यूज (शॉर्टसर्किटचा मोठा करंट सुरक्षित तोडणाऱ्या) काढून माझ्या हातात ठेवल्या. "नंबर वाच."

तिन्हींवर 100.

आधी 63 ची वरचेवर उडायची, म्हणून कुणीतरी मोठी घातली होती. या डिन टाइपमध्ये (जर्मन मानकाच्या मापात) 100 पर्यंतच्या फ्यूज एकाच मापाच्या मिळतात, त्यामुळे ती बसते. घोळ तिथेच होतो.

स्विचवरचा आकडा ही त्याची कमाल मर्यादा. फ्यूज तेवढीच किंवा लहान हवी, मोठी कधीच नाही. 63 च्या स्विचमध्ये 32 ची खुशाल घाला; केबल बारीक असेल तर तीच घालावी लागते. फ्यूज लोडपेक्षा मोठी, पण केबल आणि स्विच या दोघांना झेपेल एवढीच.

आणखी एक गोष्ट मला कॉलेजात नीट कळली नव्हती. फ्यूज छापील आकड्याला उडत नाही. साध्या जीजी टाइपची, म्हणजे सर्वसाधारण वापराची, 100 ची फ्यूज 125 अँपिअर दोन तास सहन करते, 160 ला दोन तासांच्या आत उडते. म्हणजे त्या 63 च्या स्विचमधून 120 अँपिअर गेले असते तरी फ्यूज गप्प बसली असती. त्यात आपल्याकडचा मे महिना, वर पत्र्याचं छप्पर. स्विचचं रेटिंग साधारण 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतं. सोलापुरात बाहेरच पारा त्याच्या वर जातो.

टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर, लावला तर 71 अँपिअर. माग वाढत गेले, स्विच तोच राहिला. मालक म्हणाले, "अण्णा, इतके दिवस चाललंय की!" अण्णांनी काळा पडलेला कॉन्टॅक्ट काढून त्यांच्यासमोर धरला. शेडचा लोड दोन स्विचवर वाटला, दोन्हींना सोळा स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल आणि 50 च्या फ्यूज.

मोटरच्या बाबतीत नवी पोरं उलटी चूक करतात. 10 एचपीची मोटर 415 व्होल्टला 14 अँपिअरच्या आसपास घेते, म्हणून 16 ची फ्यूज लावतात. डीओएल स्टार्टरवर, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, सुरू होताना ती सहापट करंट ओढते, फ्यूज उडते, मग वैतागून थेट 63 घालतात. तिथे 25 किंवा 32 ची लागते. ओव्हरलोडला मोटर बंद करायचं काम स्टार्टरच्या रिलेचं, फ्यूज शॉर्टसर्किटसाठी.

एक फ्यूज उडाली तर कारण शोधा आणि तिन्ही बदला. उरलेल्या दोघींनीही तो ताण सोसलेला असतो. त्यातली एक पुढे एकटी गेली की मोटर तीनऐवजी दोन फेजवर चालून वाइंडिंग जळतं. न्यूट्रलला मात्र फ्यूज नको, तांब्याची लिंकच हवी.

काम संपल्यावर अण्णांनी पॅनलखालचा खण उपसला. रात्रपाळीचा माणूस घाईत हाताला येईल ती फ्यूज घालतो, म्हणून 100 च्या सगळ्या स्टोअरला परत पाठवल्या. खणात 50 च्या सहा ठेवल्या, आणि स्विचच्या दारावर मला खडूने मोठं 50 लिहायला लावलं.